थंड म्हणजे दारू नव्हे

मोटारसायकल घसरून मोठ्या भावाचा पाय मोडला. नंदुरबारच्या दवाखान्यात त्याला भरती केलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दारू पितो का?"

"नही साहेब," आई म्हणाली. "मन्हा पोऱ्या दारूले हात बी लावत नही."

आई खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे दारू म्हणजे मोहाची किंवा देशी. ती पिणारा रस्त्यात पडतो, बायकोला मारतो. बिअरला पोरं 'थंड' म्हणतात. भाऊ नवापूर रस्त्याच्या ढाब्यावर मित्रांसोबत थंड घ्यायचा. आधी लग्नसराईत, मग रोज, आणि वर्षभरापासून सकाळी उठल्याउठल्या. तेवढं पोटात गेल्याशिवाय त्याला शर्टाची बटणं लावता येत नसत. हे घरात सगळ्यांना दिसत होतं, पण त्याला कुणी दारू म्हणत नव्हतं. मीही नाही.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी दुपारी तो घामाने भिजला. हात थरथरायला लागले. चादरीवरून काहीतरी वेचून तो बाजूला ठेवू लागला.

"काय करी ऱ्हायना रे?" मी विचारलं.

"मिरची उलटी दे ना भो. खाले वली ऱ्ही गयी. पानी ई ऱ्हायना."

वाळत घातलेली मिरची पाऊस यायच्या आत उलटायची, असं त्याला वाटत होतं. खिडकीबाहेर कोरडं ऊन होतं. आई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मला रडू आलं नाही. चादरीवर मिरची नाही एवढंच मला दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, डोक्यालाही मार लागला असेल, सुरतेला हलवावं लागेल. आई पिशवी भरायला लागली. दहावीनंतर शाळा सोडून भावाने मिरचीचं शेत सांभाळलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्याच्याबद्दल परक्या माणसापुढे काही सांगायचं माझ्या जिभेवर येत नव्हतं. पण अपघातापासून त्याच्या पोटात थंड गेलं नव्हतं.

"सर, तो बिअर पितो," मी म्हणालो. "रोज. सकाळपासून."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही दारू विचारली होती."

डॉक्टर नर्सकडे वळले. त्यांनी लगेच इंजेक्शन सांगितलं. पिणं एकदम तुटलं की असं होतं, माणूस दगावूही शकतो, असं त्यांनी नंतर समजावलं. आईने पिशवीतले कपडे काढून परत कॉटखाली ठेवले.

दोन दिवसांनी भाऊ शुद्धीवर आला. डोळे खोल गेले होते.

"तू सांगं का डॉक्टरले?"

"हो."

"मंग आते गावमा दारुड्या म्हनतीन मले."

"दारुड्या नाही. तू आजारी आहेस."

"शाळानी भाषा नको बोलू मन्हासंगे."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. नर्सने दिलेली गोळी माझ्या हातात होती. मी पाण्याचा पेला घेऊन कॉटच्या त्या बाजूला गेलो. बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला. तो अजून थरथरत होता, म्हणून गोळी मीच त्याच्या तोंडात ठेवली. त्याने ती गिळेपर्यंत मी त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो.