खडकावरचे दोन सदरे

काल्योचा हात पहिल्यापासूनच चटकन उठायचा. नवरा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी चर्चबाहेर उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटायचा, तर तिने ते पितळी ताटच उचलून दिराच्या कानशिलात हाणलं. गहू, साखर, मनुका सगळ्या पायऱ्यांवर. झाहारिसच्या भुवईतून रक्त निथळत होतं आणि पाद्रीबाबा "अगं बाई, अगं बाई" करत मागे सरकत होते. मी मधे पडले तर माझीही बांगडी फुटली.

तिचंही चुकलं नव्हतं म्हणा. तिचा नवरा मिल्तोस आणि झाहारिस हे दोघे भाऊ सुरुंगाने मासे मारायचे. आमच्या बेटावर निम्मी माणसं तेच करायची, उगाच सोवळेपणा कशाला सांगू? उथळ खाडीत वात लांब ठेवली तर सुरुंगाची कांडी तळाला जाते आणि मासा पसार होतो. म्हणून वात आखूड कापायची. त्या दिवशी वात कापली झाहारिसने, कांडी फेकली मिल्तोसने. फेकली कसली, हातातच फुटली. काल्योला शवपेटी उघडूसुद्धा दिली नाही.

"तू कापलीस ना रे वात? दोन बोटं लांब ठेवली असतीस तर काय तुझा बाप मेला असता?" धक्क्यावर दिसेल तिथे ती त्याला ऐकवायची. एकदा तर वल्हं घेऊन मागे लागली. तो पळाला नाही, पाठ करून उभा राहिला. तिसऱ्या तडाख्याला वल्हं मोडलं, तेव्हा म्हणाला, "वहिनी, नवं वल्हं मी करून देतो." मला तर त्या मेल्याचाच राग आला. जरा उलट बोल की!

नवऱ्यामागे काल्योकडे उरली बोट. ती परदेशी पाहुण्यांना लपलेल्या खाड्या दाखवायला नेऊ लागली आणि मी बोटीवर कलिंगड कापायला, टोमॅटो-चीज वाढायला. खाड्या तिला तोंडपाठ. कुठे खडकातून गोडं पाणी येतं, कुठल्या वाळूत दुपारी सावली पडते, सगळं. पण बाकीचे बोटवाले काय डोळे मिटून बसले होते? तिच्या मागोमाग यायचे. एकेक खाडी हातची गेली. उरली फक्त कावूरी, अरुंद तोंडाची, बाहेरून आत काय चाललंय ते दिसत नाही अशी. ती गेली की बोटही विकावी लागणार, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

तेव्हा तिने ती अक्कल चालवली. आमच्याकडे खाडीत सुरुंग लावणारा माणूस तोंडावरच्या खडकाला आपला सदरा लटकवतो. सदरा दिसला की बोट फिरवायची. कोण आहे विचारायचं नाही, पोलिसाला सांगायचं नाही. काल्योने मिल्तोसचा निळा सदरा काढला, कॉलरला ठिगळ लावलेला, आणि कावूरीच्या खडकाला बांधून टाकला. बाकीचे लांबूनच बघायचे, छातीवर क्रूस काढायचे आणि मागे फिरायचे. आम्ही आपल्या खुशाल आत.

"काल्यो, हे बरं नाही हं," मी म्हटलं होतं.

"गप गं. तो जिवंत असताना काही कामाला आला नाही, आता त्याचा सदरा येतोय."

दोन उन्हाळे असे गेले. सदरा इतका सवयीचा झाला की आम्ही त्याच्याकडे बघतही नव्हतो.

त्या ऑगस्टात उत्तरेचा वारा चार दिवस पिसाटला होता. बोटीचं इंजिन खोललेलं. काल्यो कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "रविवारपर्यंत मी कुठे जात नाही." आणि शुक्रवारी वारा पडला, मिस्त्रीने इंजिन चालू करून दिलं, सात परदेशी तयारच बसलेले. निघालो.

कावूरीचं तोंड आलं. सदरा होता. असणारच ना! बोट आत वळली आणि नांगर पडायच्या आत त्या सातांनी धडाधड पाण्यात उड्या टाकल्या, आरडत, हसत.

समोरच्या कातळावर झाहारिस उभा होता. उघडा. एका हातात कांडी, दुसऱ्या हातातली सिगरेट वातीला लागलेली.

"टाकू नको!" काल्यो अशी किंचाळली की मला आजही तो आवाज आठवला की घाम फुटतो. "माणसं आहेत पाण्यात! झाहारिस!"

त्याने वर बघितलं. पाण्यात सात डोकी. कांडी नुसती हातातून सोडून दिली असती तर तो वाचला असता आणि ती सातही फाटून वर आली असती. त्याने वळून ती मागच्या डोंगराकडे फेकायला हात उगारला. पण वात पुन्हा आखूड. देवा रे! आवाज झाला, दगड उडाले, एका पाहुण्याचं कपाळ फुटलं आणि झाहारिस गुडघ्यांवर बसला. कोपराखाली काही नव्हतं.

काल्यो कपड्यांनिशी पोहत गेली. "कापड आण! आर्गिरो, कापड!"

मी बोटीमागची छोटी डिंगी घेऊन खडकाकडे गेले आणि सदरा ओढला, तर हातात दोन आले. खाली निळा. त्यावर झाहारिसचा पांढरा, नीट गाठ मारलेला.

निळ्याने तिने दंड आवळला. झाहारिसचे ओठ राखेसारखे झाले होते. तो म्हणाला, "वहिनी, माझा लावला होता गं वर. दिसला नाही?"

तिने गाठ आणखी आवळली.

"भावाचा सदरा मी ओळखणार नाही होय? तुझा खोटा, हे दोन वर्षं माहीत होतं मला. कुणाला बोललो नाही. म्हणून तर आज माझा खरा लावला."

धक्क्यावर डॉक्टरने निळा सोडून पट्टा आवळला आणि त्याला आगबोटीने शहराच्या इस्पितळात नेलं. संध्याकाळी बंदराच्या अंमलदाराने आम्हाला बोलावलं. तोही बेटावरचाच, त्याला सगळं ठाऊक. एवढंच विचारलं, "खडकाला सदरा होता का?" होता म्हटलं तर काल्यो जाणूनबुजून आत गेली, परवाना आणि बोट दोन्ही जप्त. नव्हता म्हटलं तर इशाऱ्याविना सुरुंग लावला म्हणून झाहारिस हात गमावून वर तुरुंगात.

मी एका दमात म्हणाले, "नव्हता. मारियामातेची शपथ, काही नव्हतं."

खाडकन माझ्या थोबाडीत बसली. इतक्या वर्षांत तिने मला मारलं ते तेवढंच. मग झोळीतून दोन्ही सदरे काढून तिने टेबलावर ठेवले, निळा रक्ताने कडक झालेला. "होता. एक त्याचा, एक माझा. माझ्या खोट्या सदऱ्यामुळे मला त्याचा दिसला नाही. लिही."

बोटीला साखळी लागली ती कायमची.

आठ आठवड्यांनी झाहारिस परतला. अख्खं गाव धक्क्यावर, मार बघायला मिळेल म्हणून. काल्यो पुढे उभी. तो फळीवरून उतरला, उजवी बाही रिकामी, अंगातल्या इस्पितळाच्या सदऱ्याची बटणं उघडीच.

"मार वहिनी," तो हसला. "आता अडवायलाही एकच हात आहे."

तिने काखेतली गुंडाळी सोडली. त्याचाच पांढरा सदरा, धुऊन इस्त्री केलेला. भर धक्क्यावर तिने त्याच्या अंगातला काढला, हा चढवला आणि एकेक बटण लावू लागली.

"मान वर कर, मेल्या," ती ओरडली. "गळ्याचं राहिलंय."

त्याने मान वर केली.