धोट्याची कॅसेट

दादा गेल्यापासून मी रोज थोडं थोडं लिहिते. त्या कॅसेटपाशी आले की लिहिणं थांबायचं. आज थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. दादा रोज एस.टी.नं इचलकरंजीला जायचा आणि तिथल्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. आमच्याच गल्लीत त्याचा शाळेपासूनचा मित्र राहायचा. त्याच्या मामांनी आखातातून एक कॉम्प्युटर पाठवला. पाटीएवढा, रबरी बटणांचा, स्वतःचा पडदा नसलेला. टीव्ही आमच्याकडे होता, म्हणून यंत्र आमच्या घरी आलं. ते सुरू केलं की आधी त्याला जोडलेल्या टेपरेकॉर्डरवर खेळाची कॅसेट लावायची. मग चारपाच मिनिटं नुसती कर्कश किरकिर. ती संपली की टीव्हीवर चित्र यायचं.

आमच्या वडिलांची सगळी नोकरी पोस्टात, रेडिओची लायसन्स देण्यात आणि बिनलायसन्सचे रेडिओ हुडकण्यात गेली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याचं लायसन कुठाय?"

"आबा, ह्यो रेडिओ न्हवं."

"मग वराडतंय कशाला? आन आखातातनं आलंय. वाटेत कुणाकुणाचं हात लागल्यात, ठावं हाय का?"

दादा हसला. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुमचं ते सुरू झालं की आमच्या टीव्हीत मुंग्या येत्यात. तारा-बिरा पाठवतायसा की काय कुणाला?" हे त्या चेष्टेत म्हणाल्या, की खरंच, ते मला कळलं नाही. पण त्यानंतर गल्लीत कुणी अनोळखी माणूस दोनदा दिसला, तरी मी खिडकी लावून घ्यायचे.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी होते आणि वाचनालयातून हेरगिरीच्या कादंबऱ्या आणून वाचत होते. त्यांतला हेर गुप्त निरोप टेपवर भरून असाच भरधाव वेगानं पाठवायचा. ऐकणाऱ्याला फक्त किरकिर ऐकू यायची.

दादानं दोन महिने संध्याकाळी बसून एक खेळ तयार केला होता. पडद्यावर मागाचा धोटा, आडवं सूत नेणारा, डावीकडून उजवीकडे पळायचा. दोन्ही टोकांना तो झेलायचा, चुकला की सूत तुटलं. आमच्याच शहरातल्या राजारामपुरीत एक गृहस्थ कॉम्प्युटरचा क्लास काढणार होते. त्यांना शिकवायला एक माणूस हवा होता, एकच. रविवारी दादा आणि त्याचा मित्र, दोघं त्यांना आपापलं काम दाखवणार होते. मागांच्या खडखडाटानं दादाला एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं होतं. तिथून सुटायची ही एक वाट होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही शुक्रवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी त्या खेळाची कॅसेट लावली. किरकिर ऐकत बसले. हा खेळ असेल तर त्यात धोट्याचा आवाज का नाही? मित्रानं दादाच्या नकळत यात आणखी काही भरलं असेल तर? उद्या पोलीस आले तर धरतील दादालाच. आवाज आत जाऊ नये म्हणून मी माइकमध्ये कापूस कोंबला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि अख्खी कॅसेट पुसली. एक बाजू, मग दुसरी. तासभर मी तिच्यासमोर बसून होते.

शनिवारी मित्र रविवारसाठी कॅसेट घेऊन गेला. रविवारी राजारामपुरीत आधी दादाची पाळी होती; कॅसेट लावली, तर आत काहीच नाही, आणि मित्राची पाळी यायच्या आत दादा उठून निघाला. दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहून गेली होती.

मागून मित्र घरी आला, तसा दादा त्याच्यावर ओरडला. "येकालाच घेणार हुते. तू का पुसलीस ते कळतंय मला."

"आरं, खुळा झालायस का?"

"कॅसेट रातभर कुणाकडं हुती?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. त्याच संध्याकाळी मित्र आपलं यंत्र काखेत मारून घेऊन गेला. पुढं तो त्या क्लासात लागला आणि दादाचा संशय पक्का झाला. दादा निवृत्त होईपर्यंत मागांवरच राहिला. दोघं एका गल्लीत राहून एकमेकांशी बोलले नाहीत.

दादा गेल्यावर पाचव्या दिवशी मित्र आला. केस पांढरे झालेले. सतरंजीवर बसला. मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "दोनी बाजू पुसल्यासा?"

"दोन्ही."

"दुसऱ्या बाजूला माझं काम हुतं, ताई. सा म्हैन्याचं. तिथं हात हालवत बसलो. क्लासवाल्यानंच मागनं बोलावून घेतलं मला, फळ्यावर लिवून दाखवल्यावर." पुढं तो म्हणाला, "तुमच्या दादाला सांगाय दोनदा आलतो मी. म्हटलं, माझंच मी कशाला पुसीन? पर दारच उघडलं न्हाई त्यानं."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"मला कशाला सांगतायसा? म्या पुसली न्हाई, हे मला ठावं हायच की." त्यानं दादाच्या फोटोकडं पाहिलं. "ज्याला सांगायचं, त्यो गेला."

जाताना त्यानं दार ओढून घेतलं. मी ते उघडून बाहेर आले, तोवर तो गल्लीच्या वळणापर्यंत पोहोचला होता. मी हाक मारली नाही.