तेलाकडे पाठ करणारी नर्सबाई

कडू तेलाचा वास आला की मला अजून ओदिनेया नर्सबाईची पाठ आठवते. मांडीवर पांढरी पेटी घेऊन ती होडीतून आमच्या बेटावर यायची आणि घरात शिरायची ती उलट्या पावलांनी. मला वाटायचं, नर्सना असंच शिकवत असतील.

कारण होतं आजीचा पत्रा. आंदिरोबाच्या झाडाच्या कडू बिया उकडून, मळून आजी तो गोळा तिरक्या पत्र्यावर ठेवायची. खाली बाटलीत थेंब थेंब तेल उतरायचं. परक्या बाईनं पाहिलं की तेल आटतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

एका वर्षी सालुस्तियानो आजोबा अंथरुणाला खिळले आणि माकडहाडावर जखम झाली. आजीनं तिच्यात तेल ओतलं, वर फडकं बांधलं आणि पत्र्याचा नियम जखमेलाही लावला.

"कितेरियाआजी, जखम बघू दे," नर्सबाई म्हणाली.

"तू पाहिलंस की तेल आत मुरायचं नाही."

"दारापर्यंत वास येतोय."

"मासे आहेत ते."

"माशांना ताप येतो का गं? यांचं अंग बघ कसं भाजतंय. हे रक्तात भिनलं ना, तर माणूस हातचा जाईल."

भिंतीकडे तोंड करून आजोबा कण्हले, "भांडण माझ्या ढुंगणावरून चाललंय. मला कुणी विचारेल का?"

नर्सबाईनं पत्र्याकडे पाठ केली आणि जमिनीच्या फळ्यांवर बसकण मारली. "हे बघ आजी. तुझ्या तेलाकडे मी कधी बघायची नाही. पण माणूस मला दाखव."

होडीवाल्यानं खालून दोनदा हाका मारल्या. "जा तू, ओहोटीला ये!" ती बसल्या जागेवरून ओरडली. हलली नाही.

शेवटी आजीनंच फडकं सोडलं.

नर्सबाईनं जखम सलाइननं धुतली, मेलेलं मांस काढलं, सूर्यफुलाच्या तेलात भिजवलेली जाळीदार पट्टी हळूच आत बसवली. तापावर गोळ्या दिल्या. "आत हे. तुझं तेल टाचांना, कोपरांना, जिथं कातडी धड आहे तिथंच. आणि रेडिओवर बातम्या लागल्या की यांची कूस बदलायची."

"म्हणजे दिवसभर बातम्याच ऐकू?"

"नवऱ्यासाठी ऐक की!"

पाच महिने ती येत राहिली. दर वेळी उलटी चालत. एकदा पाण्याच्या माठावर आदळली, तरी मान वळवली नाही. आजोबा पडल्या पडल्या हसायचे, "उजवीकडे, उजवीकडे! आता सरळ!"

एके सकाळी तिनं पट्टी काढली आणि परत लावलीच नाही. जखमेच्या जागी कोवळी गुलाबी कातडी धरली होती. आजीनं वाकून पाहिलं, बोट लावायला गेली, मागे घेतलं. मग नर्सबाईचे दोन्ही खांदे धरले आणि तिला पत्र्याकडे फिरवलं.

"बघ."

"नको आजी, आटेल."

"आटू दे. बघ म्हणते ना!"

टप्प. बाटलीत थेंब पडला. मागोमाग दुसरा. आजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती, कारण नर्सबाईनं डोळे गच्च मिटून घेतले होते.