उतरलेला ओढा

वराळ्याला इमारतीसाठी जेसीबीनं टेकडी कापलीय. त्या ओल्या, कच्च्या मातीचा वास नाकात गेला आणि मी थेट आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता, तरी घरामागचा ओढा एकाएकी बारीक झाला. चुलीपाशी चहा पीत बसलेल्या धाकट्या काकांना आई हरखून म्हणाली, "भाऊ, ओढा उतरला!"

"व्हय वैनी. आता बसा निवांत," म्हणत काका घोंगडी घेऊन निघून गेले.

वर दरड पडून पाणी अडलं होतं. थोड्याच वेळात ते फुटलं आणि चिखल, धोंडे, मुळांसकट झाडं गडगडत खाली आली. आम्ही कसेबसे निसटलो. आमची गाय गोठ्यातच गाडली गेली.

भिजत देवळापाशी पोचलो, तर ओसरीत काकांच्या म्हशी कोरड्या अंगानं वैरण खात होत्या.

"सकाळीच वर डोंगराला भेगा दिसल्या, म्हून हितं आनल्या," काका म्हणाले.

"मग बोलला का न्हाई?"

"बोभाटा झाला असता, वैनी. बंगल्यासाठी माझी जागा घेनारा आज बघाया येनार व्हता, सौदा मोडला असता."

गावात अजून म्हणतात, डोंगरानं दगा दिला. डोंगरानं तर आधी भेगा दाखवल्या होत्या.