लहान असल्याचा दाखला

यंत्रमागाच्या शेडमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं तरी केसांत कापसाचे तंतू बसतात. झटकले तरी घरी गेल्यावर उशीवर सापडतात. भिवंडीत टेंडरची कागदपत्रं करून देणाऱ्या काकांच्या ऑफिसात मी दोन वर्षं काढली, तिथले किस्से माझ्याकडे असेच जमले. मैत्रिणींना सांगितले की त्या खो-खो हसतात. मीही हसते. मग स्वतःचीच लाज वाटते, कारण यातला एकही किस्सा मी लांब उभी राहून पाहिलेला नाही.

नियम असा होता की सरकारी खरेदीत छोट्या कारखान्यांना सवलत. अनामत नको, शिवाय काही ऑर्डरी फक्त त्यांच्यासाठी राखीव. छोटा म्हणजे ज्याची यंत्रसामग्री ठरावीक किमतीच्या आत आहे आणि ज्याच्यामागे दुसरा मोठा मालक नाही असा. किती सुंदर नियम! नुकतीच बी.कॉम. झालेली मी तो वाचून भारावले होते.

आणि होते जाधवभाऊ. खारबावचे. पंधरा वर्षं लोकांचे माग दुरुस्त करून त्यांनी स्वतःचे आठ जुने माग घेतले होते. व्यापाऱ्याचं सूत आणायचं, त्याचंच कापड विणून द्यायचं, यातून त्यांना सुटायचं होतं. एका सरकारी हॉस्पिटलच्या चादरींचं टेंडर निघालं, छोट्यांसाठी राखीव. त्यांचा फॉर्म मी फी न घेता भरला.

"ताई, हे लागलं ना, तर चादरीच्या काठावर आपलं नाव विननार!"

"भाऊ, सरकारी चादरीवर असं नाव चालत नाही."

"मंग उलट्या बाजूनं विनतो!"

*

त्याच टेंडरवर वळ गावच्या दादांचा डोळा होता. दादांचे दोनशे माग, वर गोदामांची भाडी. म्हणजे नियमाप्रमाणे मोठे. म्हणून त्यांनी स्वतःचे तुकडे केले. आई, बायको, वहिनी, बहीण, दोन थोरल्या सुना, अशा सहा जणींच्या नावावर सहा छोट्या कंपन्या. सातवी काढायला ते ऑफिसात आले तेव्हा पेन माझ्या हातात होतं.

"मालक कोण, दादा?"

"धाकटी सून."

"आणि कंपनीचं नाव?"

"नातीचं टाक."

"नातीचं नाव काय?"

दादा जरा विचारात पडले. "बारसं रविवारी हाय. तवर जागा मोकळी सोड, पोरी!"

मी सोडली.

*

मग इन्स्पेक्टर येणार असं कळलं. दादांच्या मोठ्या शेडमध्ये तीन कंपन्या होत्या, कागदावर. जमिनीवर काहीच नव्हतं. काकांनी तोडगा काढला, पांढऱ्या रंगाच्या दोन रेषा मारायच्या. रेषा सरळ याव्यात म्हणून दोरीचं एक टोक मी धरलं होतं. हो, मीच!

साहेब आले. त्यांनी मधल्या भागातल्या कामगाराला विचारलं, "ये लूम किस कंपनी का है?"

तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "साहब, सुबह तक तो सब सेठ का ही था. अभी पता नहीं. देखिए, पैर संभालिए, रंग गीला है!"

साहेबांनी खरंच पाय वर उचलून रेष ओलांडली. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'तीन स्वतंत्र विभाग आढळले.'

*

टेंडर उघडण्याच्या आदल्या आठवड्यात खात्यातून फोन आला. एकेका कंपनीच्या मालकिणीशी बोलायचं होतं. सातही फॉर्मवर नंबर आमच्या ऑफिसचा. काकांनी रिसीव्हर माझ्याकडे सरकवला.

मी सून झाले, बहीण झाले, वहिनी झाले. दादांच्या आईसाठी मध्येच खोकले. दर वेळी तोच क्लार्क, तेच प्रश्न, माझीच उत्तरं. सातवा फोन संपताना तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, ताई. आता सगळ्याजणी मिळून चहा घ्या. घसा बसला असेल!"

ऑफिस हसून लोटपोट झालं. चहा मागवला. मी प्यायले.

*

टेंडर उघडलं आणि सगळ्यात कमी दर निघाला जाधवभाऊंचा!

संध्याकाळी दादा ऑफिसात. काका मला म्हणाले, "त्याच्यावर एक हरकत लिहून दे. दादांच्या एका छोट्या कंपनीच्या लेटरहेडवर."

"काका, त्यांचा फॉर्म आपणच भरलाय!"

"दोन्ही पार्ट्या आपल्याच, पोरी. आपण कागद करतो. निकाल सरकार देतं."

मी अर्धा तास भांडले. नोकरी सोडीन म्हणाले. मग लिहायला बसले. जाधवभाऊंच्या शेडमध्ये त्यांच्या भावाचेही सहा माग होते आणि दोघांचा लाइटचा मीटर एक होता. हे मला ठाऊक होतं, कारण बिल मीच फॉर्मला जोडलं होतं. त्यावरून लिहिलं की हा उद्योग स्वतंत्र नाही, मागे दुसरा मालक दडलेला आहे, छोट्यांच्या हक्कांवर हे आक्रमण आहे. लिहिता लिहिता मला जोर चढला. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेतलं सगळं इंग्रजी त्यात ओतलं.

सुनावणीत त्या कंपनीतर्फे दादा हात जोडून उभे राहिले. "साहेब, असल्या मोठ्या लोकांपायी आमा गरिबाला कायपन भेटत न्हाय!"

कुणीही हसलं नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत जाधवभाऊंचा फॉर्म बाजूला ठेवण्यात आला.

*

चौकशीला पाच महिने लागले. तोवर चादरी दादांकडे विणून हॉस्पिटलात पोचल्याही होत्या.

एका दुपारी जाधवभाऊ ऑफिसात आले. "जय भीम, ताई! पास झालो!" हातात सरकारी पत्र. चौकशीअंती त्यांचा उद्योग छोटा आणि स्वतंत्र असल्याचं सिद्ध झालं होतं.

"आता न्हाय तर न्हाय," ते म्हणाले. "पुढचं टेंडर हायेच की."

पत्राला त्या हरकतीची प्रत जोडलेली होती. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "हे इंग्रजी कुनाला धड सांगता येईना. जरा मराठीत वाचून दावा."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "मीटरचं बी काढलं व्हय!"

संपल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"पन मानूस हुशार हाय हां, ताई. काय लिवलंय! कोन असंल, वळखता का तुमी? पुढच्या येळी आपला कागद त्याच्याकडूनच करून घेऊ."

मी म्हटलं, "विचारून बघते."