लहानूनं कान लावलेला मिक्सर

चंपतरावाला लहानूचा हेवा कधीपासून वाटायला लागला, हे त्याला दिवसासकट सांगता आलं असतं. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या एका लग्नात कोणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं होतं, "साउंडचं लहानूभाऊले विचारा." साउंडचं, आणि लहानूला! भोंगे चंपतरावाचे, अँप्लिफायर चंपतरावाचा, आणि हा लहानू म्हणजे कोराडीच्या पावर हाऊसमधली ड्यूटी संपली की हौसेनं त्याच्या वायरी गुंडाळायला येणारा बालमित्र. पण त्यानं घरामागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची सोय केली, आणि वस्तीतली गाणारी मंडळी त्याच्या दारात चपला काढू लागली.

मग चंपतरावानंही खोली केली. लहानूच्या भिंतीला गाद्यांचा एक थर, तर याच्या भिंतीला दोन. त्र्याऐंशी साल होतं, कॅसेटचं नुसतं पेव फुटलं होतं. पंचफुला दहा वर्षं वस्तीतल्या प्रत्येक भीमजयंतीला चंपतरावाच्याच माइकवर गायली होती. पहिली कॅसेट माझ्याकडेच करायची, असा शब्द त्यानं तिच्याकडून घेतला होता. दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर विकायला ठेवायची, असं ठरलं होतं. माइकांचे आवाज जुळवणारा मिक्सर तेवढा मिळायचा होता.

लकडगंजातल्या एका जुन्या सामानवाल्यानं मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून दोन मिक्सर आणल्याचं कळलं, तसा चंपतराव सकाळीच तिथे पोचला. पाहतो तर लहानू आधीच हजर. त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

एक मिक्सर चोवीस चॅनलचा, लाकडी कडांचा, दिवाणाएवढा लांब. दुसरा आठ चॅनलचा, रंग उडालेला, दोन बटणं बेपत्ता. लहानू मोठ्या मिक्सरपाशी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून उभा होता. माइक जोडलेला नाही, टेप चालू नाही, तरी गडी अर्धा तास जागचा हलला नाही. याचा जीव जडलाय यावर, चंपतराव समजून चुकला.

मग त्यानं आपल्या पद्धतीनं पारख केली. माइक जोडला, आवाज पुरता चढवला आणि "हॅलो, माइक टेस्टिंग" अशी दणदणीत हाक दिली. शेजारच्या लाकडाच्या वखारीतले हमालसुद्धा वळून पाहू लागले. मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला की सामान चोख, एवढंच त्याला ठाऊक होतं. लहानूनं हेडफोन उतरवला आणि म्हणाला, "थांब गा चंपत, हा मिक्सर..."

"मी घेतला हा," चंपतरावानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

 लहानूनं रंग उडालेला मिक्सर उचलून सायकलच्या कॅरिअरला बांधला. चंपतरावाला हातगाडी करावी लागली आणि तो मुद्दाम लहानूच्या गल्लीतून घरी गेला.

पंचफुलाचं गाणं अगदी हळू, नुसत्या श्वासासारखं सुरू व्हायचं. टेपवर त्या श्वासाखाली घरघर आली. चंपतरावानं वायरी बदलल्या, पंखा बंद केला, मेकॅनिक आणला. घरघर काही हटेना. दसरा आठ दिवसांवर आला, तेव्हा पंचफुला म्हणाली, "भाऊ, माझ्या गाण्यात कोराडीची मशीन काहून चालून राहिली?"

शेवटी तोच तिला घेऊन लहानूकडे गेला. मान खाली घालून त्यानं विचारलं, "त्या दिवशी तू अर्धा तास काय ऐकून राहिला होता गा?"

"कोणीच बोलत नसते तेव्हा तो काय बोलते, ते," लहानू म्हणाला. "ट्रान्सफॉर्मर खराब होता त्याचा. तेच सांगत होतो तुले."

पावर हाऊसमध्ये मशीनची घरघर ऐकण्यातच ज्याचे दिवस जातात, त्याचा तो कान. चंपतरावानं हेडफोन लावून पाहिला. लहानूच्या भंगार मिक्सरमध्ये काहीच वाजत नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याचाही त्याला हेवा वाटला.

गाणं सुरू झालं. लहानूनं माइक सरळ समोर लावला होता. वरचा सूर घेताना पंचफुला डावीकडे मान वळवते, हे त्याला ठाऊक नव्हतं. चंपतरावाला ठाऊक होतं. सूर वर गेला आणि टेपवर पातळ उतरला. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. लहानू बटणं फिरवून फिरवून घामाघूम झाला. चंपतराव गादीवर बसून पाहत राहिला. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पंचफुलानं गाणं थांबवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "भाऊ, दहा वर्षं तूच लावला न माझा माइक. मंग आता गप काहून बसला?"

तो उठला. माइक वीतभर डावीकडे सरकवला, जरा खाली वाकवला आणि पुन्हा जागेवर येऊन बसला. पुढच्या खेपेला सूर अख्खा आला.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर ती कॅसेट हातोहात गेली. चंपतरावानं एक उचलून पाहिली. पंचफुलाच्या नावाखाली छापलं होतं, 'ध्वनिमुद्रण : लहानू', आणि त्याच्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'माइक : चंपतराव'. माइक लावणाऱ्याचं नाव कधी कोणी छापतं का? त्यानं ते चारदा वाचलं. कॅसेट आपल्या खोलीत झाली असती तर आपण लहानूचं नाव कुठेच घातलं नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि हेही लहानूलाच सुचावं, म्हणून तो दिवसभर त्याच्यावर जळत राहिला.