हौदातलं कासव

लग्न होऊन मी शेलूबाजारजवळच्या एका गावी आले, तेव्हा वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होता. नवऱ्याला कासवाचा नाद. नदीच्या डोहात जाळ्यात सापडलेलं, ताटाएवढं, मऊ पाठीचं कासव ह्यांनी अंगणातल्या हौदात सोडलं होतं. कासव म्हणजे गरीब जनावर, अशी माझी समजूत. हे तसलं नव्हतं. तळाच्या गाळात दडून बसायचं. पडलेल्या तुकड्याकडे ढुंकून बघायचं नाही. समोर काही हललं की मान लांबवून झडप घालायचं. बेडूक तर एका घासात आत ओढायचं.

पाहुणे आले की ह्यांना जोर चढे. त्या दिवशी वाशीमचे पाहुणे होते. हे मला म्हणाले, "चार त्याले हातानं."

"मले भेव लागते."

"कायले भेतं? वळखते ते तुले."

मासळीचा तुकडा धरून मी हात पुढे केला. त्यानं तुकडा सोडून बोट धरलं. कासवाला दात नसतात, पण जबडा अडकित्त्यासारखा. मी ओढू लागले तसा तो आणखी आवळत गेला. पाहुणे हसत होते. हे धावत आले अन् ओरडले, "ओढू नको, त्याची मान तुटन!"

शेवटी मीच हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला, तेव्हा त्यानं सोडलं. बोटाचं टोक नखासकट गेलं होतं. सासूबाईंनी हळद दाबली. पाहुणे गेल्यावर ह्यांनी कासवाचा जबडा निरखून पाहिला.

दिवाळीला भाऊ न्यायला आला. बोट पाहून त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हिनंच त्याले चिडोलं असन." भावानं खाली बघत चहा संपवला. तो राग अजून आहे, नवऱ्यापेक्षा भावावर जास्त.

उन्हाळ्यात हौद आटू लागला. विहिरीचं पाणी डोक्यावर आणून मीच ओतायची, काडीला गांडूळ टोचून मीच चारायची. कासवावर माझा राग नव्हता. हललं ते त्यानं धरलं, एवढंच.

मग कुण्या साहेबाच्या मनात कासव भरलं म्हणून ह्यांनी ते पोत्यात घातलं अन् देऊन आले. आल्यावर जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या जिवाले लागलं. आज काही बोलू नको त्याले."

मी हौद घासला आणि त्यात बैलांची सरकीची ढेप भिजत घातली.